कॅमॅक स्ट्रीटवरच्या बाई

गेल्या आठवड्यात ऑफिसमधल्या एकीला सांगितलं की मी फिलाडेल्फियात कॅमॅक स्ट्रीटवरच्या प्लास्टिक क्लबमध्ये चित्रं काढायला जायला लागलेय, तर ती अगदी प्रेमाने म्हणाली, "छान! इंडियात मुलींना असं शिकायला मिळत नसेल ना?" डोकंच फिरलं माझं. अगं, चित्रकार अंबिका धुरंधरांनी १९३१ साली मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून डिप्लोमा घेतलाय, वडील तिथेच शिकवायचे! पण तिला जे.जे. म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, मग सोडून दिलं.

त्याच रागात घरी येऊन हा क्लब काढणाऱ्या एमिली सार्टेन बाईंबद्दल वाचायला बसले आणि रात्रीचा एक वाजला. बाई मुळात एनग्रेव्हर, म्हणजे धातूच्या पत्र्यावर चित्र करून ते कागदावर छापणाऱ्या, वडिलांकडून हातात आलेलं काम. मेझोटिंट करायचे ते. म्हणजे धातूचा पत्रा दातेरी पात्याने आधी सगळा खरखरीत करायचा, तसाच छापला तर कागद नुसता काळाकुट्ट येईल इतका, आणि मग चित्रात जिथे उजेड हवा तिथे तो खरवडून, घासून गुळगुळीत करत जायचं. जितकं घासाल तितका उजेड. कपाळ, गाल, नाकाचा शेंडा, सगळं त्या काळ्यातून असं बाहेर काढायचं.

१८८६ पासून तीसेक वर्षं बाई इथल्या मुलींच्या डिझाइन स्कूलच्या प्रिन्सिपॉल होत्या. ती शाळा निघाली १८४८ साली, सॅरा पीटर नावाच्या बाईंच्या घरात, मुलींना डिझाइन शिकवून स्वतःचे चार पैसे मिळवता यावेत म्हणून. १८४८! आपला भिडेवाडा तेव्हाचाच. आणि सावित्रीबाईंनी अंगावर शेण झेलत शिकवलंय, या पीटर बाई ब्रिटिश कॉन्सलच्या पत्नी, तेव्हा माझ्या लेखी आपलं पारडं जडच.

पण एमिली बाईंना मानलं. त्यांनी मुलींना फुलापानांच्या नक्षीवर थांबू दिलं नाही, समोर जिवंत माणूस बसवला, न्यूड मॉडेलसुद्धा, आणि काढा म्हणाल्या, त्या काळात मुलींच्या वाट्याला हे सहसा यायचंच नाही. अंगाची रचना कळली नाही तर माणूस काढता येत नाही, आणि माणूस काढता येत नाही तर मोठं काम कोण देणार, मग राहा आयुष्यभर वॉलपेपरवर. शिकवायला रॉबर्ट हेन्री, अ‍ॅलिस बार्बर स्टीफन्स असे नावाजलेले चित्रकार आणले. १८९७ मध्ये बायकांसाठी हा क्लब काढला. पुरुषांचा स्केच क्लब १८६० पासून होताच, आता याच गल्लीत आहे, आणि तिथे बायकांना मेंबर व्हायला १९९० उजाडलं. एकोणीसशे नव्वद! आणि ऑफिसमधली ही मला विचारते.

मला इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. वस्तुचित्र, स्मरणचित्र, सगळं मन लावून केलेलं. दहावीला शाळेने चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकला तेव्हा मी काही बोलले नाही. घरून कोणी अडवलं नव्हतं, बाबा तर स्वतः रंग आणून द्यायचे. इंजिनिअरिंग मी माझ्या मनाने घेतलं, त्याच्याच जोरावर आज इथे आहे, चुकलं असं मला अजिबात वाटत नाही. फक्त तेव्हा कोणीतरी समोर माणूस बसवून "हं, काढ" म्हणायला हवं होतं, एवढं राहून राहून वाटतं.

परवा वीस मिनिटांची पोझ होती. मॉडेल एका पायावर भार देऊन उभी. मी डोक्यापासून सुरुवात केली, मान, खांदे, कंबर छान जमत गेली, आणि गुडघ्यापाशी कागद संपला. खोडायला घेतलं तेवढ्यात शेजारच्या आजींनी, ऐंशीच्या तरी असतील, माझा हात धरला. काही बोलल्या नाहीत, पोझ चालू असताना बोलायचं नसतं. स्वतःच्या पॅडमधला एक कागद फाडला, माझ्या कागदाखाली मास्किंग टेपने चिकटवला आणि मॉडेलच्या पावलाकडे बोट दाखवलं.

सहा मिनिटं उरली होती. पावलं झाली.