गुरुवारचा हॉल

रविवार, रात्री उशिरा

खरं तर काहीच झालेलं नाही. चर्चमध्ये उपासनेनंतर सूचना वाचल्या, त्यात एक होती की दारू दुकानाच्या परवान्याला हरकत घेण्यासाठी जी समिती झालीय तिची बैठक गुरुवारी संध्याकाळी सात वाजता हॉलमध्ये, सगळ्यांनी यावं, त्यामुळे त्या दिवशी हॉल दुसऱ्या कशासाठी मिळणार नाही. लगेच पुढची सूचना संडे स्कूलची. मी तिथेच अडकले ती अजून अडकलेलीच आहे, आता अकरा वाजून गेलेत आणि झोप येत नाही म्हणून लिहितेय.

गुरुवारी सात वाजता हॉलमध्ये काय असतं हे पाळकांना माहीत आहे, सेक्रेटरींना माहीत आहे, चावी ठेवणाऱ्या काकांना तर आहेच आहे. एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसची मीटिंग असते. दारू सोडलेली आणि सोडू बघणारी माणसं तिथे बसतात. दारूच्या विरोधात बैठक घ्यायची म्हणून नेमक्या त्याच माणसांचा हॉल काढून घेतला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. निदान कुणाच्या चेहऱ्यावर तरी दिसलं नाही.

एक सांगून टाकते, दुकानाविरुद्धच्या हरकतीवर मी सही केलीय. मनापासून केलीय. दुकान नको हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही, आमच्या घरातल्या कुणालाच नाही. बाबांच्या वेळचं मी लिहिणार नाहीये. दुकानांची संख्या आणि उघडं राहायची वेळ कमी केली की पिण्याचं प्रमाण कमी होतं, हे जागतिक आरोग्य संघटनासुद्धा सरकारांना सांगते, त्यासाठी धार्मिक असायची काहीच गरज नाही. म्हणजे समिती बरोबर आहे. पाळकसाहेबांनी आज जे सांगितलं तेही बरोबर होतं. तरी मला राग येतोय, आणि तो राग समितीवर नाही, पाळकांवर नाही, मग कुणावर आहे तेच कळत नाहीये.

संदेशात मिझोरामचं उदाहरण आलं. तिथल्या चर्चनी दारूबंदी आणली आणि टिकवली असं. मी घरी येऊन वाचत बसले तर गोष्ट इतकी सरळ नाहीये. १९९५ चा कायदा, १९९७ पासून पूर्ण बंदी, मग २०१४ मध्ये नवीन कायदा करून ती उठवली आणि २०१५ मध्ये दुकानं उघडली, २०१९ मध्ये सरकार बदलल्यावर परत बंदी, आणि २०२५ मध्ये विधानसभेने दुरुस्ती करून तिथल्याच फळांची वाइन आणि तांदळाची बिअर यांना वाट काढून दिली. प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट अशी मोठी चर्चेस या सगळ्या वर्षांत दारू खुली करण्याच्या विरोधात उभी राहिली. नागालँडमध्ये १९८९ चा बंदीचा कायदा आहे, तो ढिला करायचा विषय निघाला की तिथली बॅप्टिस्ट चर्च कौन्सिल लगेच बोलते, आणि दारू मात्र शेजारच्या आसाममधून येतच राहते हे सगळ्यांना माहीत असतं. केरळात २०१४ मध्ये सरकारने पंचतारांकित हॉटेलं सोडून बाकीचे बार बंद करायचं ठरवलं, कॅथलिक बिशपांची दारूविरोधी समिती त्याच्या मागे ठाम होती, तीन वर्षांनी दुसऱ्या सरकारने ते सैल केलं.

हे वाचताना मी काय शोधत होते ते मला नंतर कळलं. बंदी आली की गेली हे नाही. ज्याला प्यायची सवय लागलीय त्या माणसाचं या सगळ्या ठरावांत आणि मोर्च्यांत काय झालं, हे शोधत होते. त्याच्याबद्दल बोलतात खूप. त्याची बायको, त्याची मुलं, त्याचा पगार, सगळं येतं. तो स्वतः कुठे बसलाय हे येत नाही. तशी केरळात चर्चने चालवलेली व्यसनमुक्ती केंद्रंही आहेत, म्हणजे दोन्ही कामं एकाच घरात होऊ शकतात, मग आमच्याकडे एकाच हॉलमध्ये का होऊ नयेत.

परत तिथेच आले.

आणि आमच्याच बाबतीत असं का होतं दर वेळी. हे लिहायला नको खरं, पण आज लिहिते. लग्नाच्या वेळी आम्हाला मागच्या टेबलावर बसवलं होतं तेव्हाही कुणी मुद्दाम केलं नव्हतं. महिला मंडळाच्या प्रार्थनेत कोणाच्या तरी घरासाठी म्हणून नाव न घेता प्रार्थना होते तेव्हा सगळ्यांच्या माना थोड्या माझ्याकडे वळतात, तेही कुणी मुद्दाम करत नाही. कुणीच कधीच मुद्दाम करत नाही. आपण मात्र घरी येऊन आईला सांगायचं की सगळं छान झालं, पाळकांनी विचारलं तुमच्याबद्दल. कंटाळा आलाय याचा. आईला तर मी हॉलचं सांगितलेलंच नाही.

असो.

पंडिता रमाबाई आठवल्या मधेच. त्या १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा तिथे दारूविरोधी ख्रिस्ती बायकांची मोठी संघटना काम करत होती, वुमन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन, १८७४ ची. रमाबाईंचे त्या बायकांशी चांगले संबंध जुळले, १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेबद्दल मराठीत लिहिलं त्यात या कामाबद्दलही आहे. त्या चळवळीची सुरुवात मला फार आवडते. १८७३ च्या हिवाळ्यात ओहायोमधल्या बायका चर्चमधून निघाल्या आणि थेट दारूच्या गुत्त्यांत गेल्या, तिथेच गुडघे टेकून प्रार्थना करायला लागल्या, आत येऊ दिलं नाही तर बाहेर बर्फात. मालकाला त्या काय म्हणाल्या असतील ते असो, पण जिथे पिणारा बसलाय तिथे त्या गेल्या. नंतर १८९३ मध्ये तिथेच ओहायोमध्ये अँटी-सलून लीग निघाली, चर्चेसच्या जोरावर वाढली, पण तिचं काम उमेदवार पाडायचं आणि कायदे करून घ्यायचं. तेही जमलं त्यांना, १९१९ मध्ये घटनादुरुस्ती झाली, १९२० पासून देशभर बंदी, १९३३ मध्ये ती रद्द. कायदा चौदा वर्षंसुद्धा टिकला नाही. मला त्या कायद्यापेक्षा बर्फातल्या बायका जवळच्या वाटतात, पण परवान्याच्या सुनावणीला कायदाच लागतो हेही कळतं मला.

कायद्याचंही एक मजेदार, म्हणजे मजेदार नाही, विचार करायला लावणारं सापडलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये असा नियम होता की पाचशे फुटांच्या आत चर्च किंवा शाळा असेल आणि त्यांनी लेखी हरकत घेतली तर परवाना मिळायचाच नाही. एका रेस्टॉरंटला शेजारच्या चर्चच्या हरकतीमुळे परवाना नाकारला, ते कोर्टात गेले, आणि १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियमच रद्द केला. सरकारचा अधिकार चर्चच्या हातात देता येणार नाही, असं. मला हे पटलं, आणि यात चर्चचाही मान राहतो असं वाटलं. नकार देण्याचा अधिकार हातात नसला की तुम्हाला चारचौघांसारखं उभं राहून सांगावं लागतं की आम्हाला हे दुकान का नको. आमच्या इथे काय चालतं, इथे कोण येतं, कोणाला त्रास होईल. आणि ते सांगायचं तर आपल्याकडे कोण येतं हे आपल्याला आधी माहीत हवं ना. गुरुवारी कोण येतं हे.

दादा गुरुवारच्या त्या मीटिंगला जातो, साडेनऊला त्याला फोन केला होता. मला वाटलं तो दुखावला असेल. मी रडवेली झाले होते आणि तो म्हणाला, "अगं मग? मी पण सही केलीय. पहिल्या पानावरच आहे बघ माझं नाव." माझ्या रस्त्यात दुकान नको बाई, म्हणाला, एखादा दिवस असा येतो की दोन गल्ल्या लांब असलं तरी तेवढं चालेपर्यंत विचार बदलतो. हे मला कुठल्याच ठरावात सापडलं नव्हतं.

मग मी म्हटलं तुमच्यातलं कुणी उठून बोललं का नाही चर्चमध्ये, तर म्हणाला कसं बोलणार. त्यांच्या परंपरेतच आहे की एए म्हणून बाहेरच्या कुठल्याही वादात मत द्यायचं नाही, दुकान हवं की नको यावरसुद्धा नाही, प्रत्येकाने स्वतःपुरतं काय ते ठरवावं. वर अनामिक राहायचं. उठून "गुरुवारी आमची मीटिंग असते" म्हटलं की संपलंच की. समितीचा फलक लागलाय, त्यावर नावं आहेत, अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार. यांची नावं कुठेच नाहीत, नसायलाच हवीत, म्हणून यांचा हॉल गेलेला कुणाला दिसत नाही. हे ऐकल्यावर माझा राग जरा खाली बसला. कुणी त्यांना हाकललं नाही. ते दिसत नाहीत अशीच त्यांची व्यवस्था आहे, आणि ती चांगल्यासाठी आहे. फक्त मग ज्यांना माहीत आहे त्यांनी लक्षात ठेवायला नको का.

दादा म्हणे आम्ही कुठेही बसू, बागेत बसू. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांनी, हा शब्द त्याचाच, एकमेकांशी बोलायला सुरुवात केली ती एका घरात, हॉल कुठे होता तेव्हा. पण तेव्हापासून जगभर किती मीटिंगा चर्चच्या तळघरांत आणि हॉलमध्ये भरत आल्यात हेही त्यानेच सांगितलं. आणि आमच्या चर्चबद्दल त्याला खरंच चांगलं वाटतं, प्रभुभोजनाच्या विधीत आम्ही वाइनऐवजी द्राक्षांचा साधा रस वापरतो म्हणून त्याला प्याला घेता येतो. १८६९ मध्ये वेल्च नावाच्या एका मेथडिस्ट डेंटिस्टने रस न आंबता टिकवायची युक्ती काढली, प्रभुभोजनासाठीच, ते मी त्याला सांगितलं तर खूश झाला.

फोन ठेवायच्या आधी मात्र म्हणाला, "आमचं काही नाही गं, आम्हाला मेसेज जाईल. नवीन कुणी आला तर?" नवीन माणसाला फक्त एवढंच माहीत असतं की गुरुवारी सात वाजता चर्चच्या हॉलमध्ये जायचं. तो कदाचित पिऊनच येईल, पहिल्यांदा बरेच जण तसेच येतात. दार उघडेल तर समोर समितीचा फलक आणि खचाखच भरलेला हॉल, सगळे दारूबद्दल तावातावाने बोलतायत. तो परत कधी येईल? दादा साडेसहापासून गेटवर उभा राहणार आहे, आला कुणी तर त्याला घेऊन बागेत जाणार.

त्याला गेटवर उभं राहावं लागू नये असं मला वाटतं. पण त्याने ते इतक्या सहज सांगितलं की माझं मघाचं मागच्या टेबलाचं वगैरे सगळं मलाच नकोसं झालं. ठीक आहे. लोक विसरतात. आठवण करून द्यायला आपण आहोत की.

उद्या सेक्रेटरींना फोन करते. बुधवारी कॉयरची प्रॅक्टिस असते, ती अर्धा तास आधी सुरू करायला मी सगळ्यांना तयार करीन, मग समितीला बुधवारी आठपासून हॉल मोकळा मिळेल. आणि सुनावणीसाठीचं निवेदन लिहायचं काम महिला मंडळाकडे आलंय, त्यात शाळा आहे, वस्ती आहे, प्रार्थनास्थळ आहे हे सगळं येईलच. मला त्यात एक ओळ हवीय की या आवारात दर आठवड्याला दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरते आणि तिथे यायचा रस्ता या दुकानासमोरूनच जाणार आहे. नाव नाही, संख्या नाही, वार पण नाही. दादाला आधी विचारीन, त्यांच्या ग्रुपला चालत असेल तरच.