कुणाशी घासाघीस न करता करोलबाग

आमच्या खानापूर-आटपाडी भागात घर तिथं गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारा. कुणाचा दीर कोलकात्यात, कुणाचा भाचा कोइमतुरात, कुणाचा जावई पार गुवाहाटीला. भट्टी, मूस, तेजाब हे शब्द आमच्या पोरांना बाराखडीच्या आधी येतात. आमचं घर दिल्लीचं. मालक, म्हणजे माझे यजमान, एशियाड झालं त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे १९८३ ला, मामाच्या हाताखाली करोलबागेत गेले. मिसरूडही फुटलं नव्हतं. आता दुकान थोरला मुलगा बघतो आणि मालक विट्यात डाळिंबाच्या बागेला पाणी सोडतात.

मी मात्र दोन्हीकडची. नातवाची परीक्षा असली, सुनेला बरं नसलं, की मला बोलावणं येतं. पूर्वी मिरजेतून गोवा एक्स्प्रेस धरायची. दोन रात्री, मधला अख्खा दिवस, आणि निजामुद्दीनला उतरलं की कंबर वेगळी आणि मी वेगळी. आता गुडघे बोलायला लागलेत, म्हणून थोरला विमानाचं तिकीट काढतो.

विमान म्हटलं की लोकांना वाटतं, सुख. विमानाचं सुख दोन-सव्वादोन तासांचं. त्याच्या अलीकडचं कुणी विचारत नाही. विट्याहून पहाटेची एसटी, कऱ्हाड, सातारा, खंबाटकीचा घाट, स्वारगेटला पोचेपर्यंत पाच तास सहज जातात. आता स्वारगेटखालून मेट्रो निघते हे एक बरं झालं. सिव्हिल कोर्टाला बदलायची आणि रामवाडीला उतरायचं. पण रामवाडीला मेट्रो संपते आणि विमानतळ राहतो लोहगावला. मधल्या चार-पाच किलोमीटरसाठी रिक्षावाला आपलं तोंड बघतो, मग बॅगा बघतो, मग आकडा सांगतो. फीडर बस आहे, पण ती कधी येते याचा अंदाज घेत उन्हात उभं राहायला माझ्याकडे वेळ नसतो.

हे सगळं सांगायचं कारण, माझ्या मते प्रवासात माणूस चालण्यानं दमत नाही, बसण्यानंही नाही. दमतो तो भाव करण्यानं. कुली, रिक्षा, टॅक्सी, सगळ्यांशी आधी भांडायचं, मग बसायचं, आणि बसल्यावर पुन्हा 'आपल्याला फसवलं का' याचा हिशेब मनात चालूच. बाईमाणूस एकटं असलं आणि हिंदीला गावाकडचा वास असला, की समोरच्याचा आकडा आपोआप वाढतो.

म्हणून मला दिल्लीच्या विमानतळावरून शहरात जाणारी ती नारिंगी मेट्रो इतकी आवडते. एअरपोर्ट एक्स्प्रेस लाईन. तिच्यात बसायला कुणाशी एक शब्द बोलावा लागत नाही.

गेल्या खेपेचं सांगते. विमान टर्मिनल तीनला उतरलं. थोरल्याचा फोन आला, "आई, भट्टी चालू आहे, मला निघता येत नाही. तू बाहेरच्या खुर्चीवर बस, मी कॅब पाठवतो." भट्टीवर मूस असली की गलाईवाला बापाच्या नावानं हाक आली तरी उठत नाही, हे मला कुणी नव्यानं सांगायला नको. म्हटलं, "तुझी कॅब राहू दे. माझ्याकडे कार्ड आहे." त्यानंच आधीच्या खेपेला दिलेलं मेट्रोचं कार्ड पाकिटात होतं, त्यात पैसेही होते.

बाहेर पडल्यावर दोघे-तिघे आलेच. "आंटी टॅक्सी? माताजी, करोलबाग? पहाड़गंज?" माझ्या तोंडावर करोलबाग लिहिलंय की काय कुणास ठाऊक. मी खाली मान घालून मेट्रोच्या पाटीमागं चालत राहिले. पाटी जागोजागी आहे, बॅगेची चाकं आडत नाहीत असा उतार आहे, लिफ्ट आहे. विमानतळाचं स्टेशन जमिनीखालीच आहे, उन्हात रस्ता ओलांडायचा प्रश्न नाही.

स्टेशनावर सामानाची तपासणी होते, ती विमानापेक्षा वेगळी. पट्ट्यावरून बॅग गेली आणि वर्दीतली पोरगी थांबली. बॅग उघडायला लावली. माझ्या बॅगेत काय असणार? वर दोन साड्या, खाली तासगावचा बेदाणा, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि कांदालसणाची चटणी, अडीच किलोच्या डब्यात दाबून भरलेली, वर दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबर. (सुकं खोबरं मात्र मी विट्यातच काढून ठेवलं होतं. जाऊबाईंनी हौसेनं वाट्या बांधून दिल्या होत्या, पण सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्यातलं तेल तापून पेट घेऊ शकतं, असं विमानवाल्यांचं म्हणणं.) पोरीनं डबा उचलला, नाकाशी नेला आणि मान मागं घेतली.

"ये क्या है?"

"चटनी."

"इतनी?"

"बेटा खाता है. उसके कारीगर भी खाते हैं."

ती हसली. पलीकडच्या पोरीला म्हणाली, "सूंघ के देख." तिनंही हुंगलं. तिला शिंक आली. मग दोघींनी मिळून रबर परत नीट लावून दिलं, मी कितीही म्हटलं तरी मला लावू दिलं नाही. नाव विचारायचं राहिलं. बोली हरियाणाकडची वाटली.

फलाटावर गाडी दिसत नाही. काचेची भिंत असते आणि गाडी आली की गाडीच्या दाराबरोबर भिंतीचंही दार उघडतं. पोर रुळांवर पडेल ही भीती नाही. भारतातल्या मेट्रोत अशी दारं पहिल्यांदा याच लाईनीवर आली, हे मला थोरल्यानं सांगितलेलं. गाडी दहा-पंधरा मिनिटांनी असतेच. आत सामान ठेवायला वेगळी जागा, बसायला गादीची खुर्ची आणि दुपारच्या वेळी गर्दी म्हणाल तर नावाला. समोर एक पोरगा, पाठीवर सॅक, हातात पुस्तकांचा गठ्ठा, सांगलीच्या कुठल्या तरी ॲकॅडमीची पिशवी. राजिंदरनगरला यूपीएससीला निघालेला असणार. विचारलं, तर कवठेमहांकाळचा. पुढं सगळा प्रवास मराठीत झाला.

गाडी सुटल्यावर पहिलं स्टेशन एरोसिटी, तेही जमिनीखाली. मग महिपालपूरच्या पुढं गाडी वर येते, आणि मला हाच तुकडा आवडतो. खाली गुडगावचा हायवे, त्यावर गाड्या मुंगीच्या पायानं सरकतायत, आणि आपण वरून सुसाट. त्यात माझ्यासाठी पाठवायची ती कॅबही कुठंतरी अडकली असती. धौला कुआँला थोडी माणसं चढतात-उतरतात. तिथून एक लांबलचक पूल गुलाबी लाईनीच्या स्टेशनाला जोडलाय, त्यावर सरकते पट्टे आहेत म्हणे, दक्षिण दिल्लीकडं जाणाऱ्यांना बरा. तिथून पुढं रिजचं जंगल लागतं आणि गाडी परत बोगद्यात शिरते. शिवाजी स्टेडियम, मग नवी दिल्ली. बस. कवठेमहांकाळच्या पोराच्या घरी गाई किती, एवढं विचारून होईपर्यंत उतरायची वेळ. वीस मिनिटांच्या आतच सगळं.

२०२३ च्या सप्टेंबरात वेग ताशी १२० किलोमीटरपर्यंत नेला आणि त्याच वेळी लाईन द्वारकेच्या सेक्टर पंचवीसपर्यंत, यशोभूमीला वाढवली. पण ही गाडी सुरुवातीपासून अशी शहाणी नव्हती. मालकांना तिची सगळी जन्मपत्रिका पाठ आहे. २०१० च्या कॉमनवेल्थ खेळांसाठी काढायची होती. खेळ होऊन गेले आणि गाडी आली २०११ च्या फेब्रुवारीत. तेव्हा ती एका खासगी कंपनीकडं होती. दीड वर्ष झालं नाही तोवर खांबांवरच्या गर्डरखालच्या बेअरिंगमध्ये दोष निघाले आणि २०१२ च्या जुलैत बंद. २०१३ च्या जानेवारीत पुन्हा सुरू झाली, ती बैलगाडीच्या चालीनं. त्याच वर्षी जुलैत दिल्ली मेट्रोनं ताबा घेतला. पुढं दोघांचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन अनेक वर्षं चालला.

मालकांचा खरा राग तिच्या भाड्यावर होता. सुरुवातीला तिकीट दीडशेच्या घरात. "एवढ्यात कऱ्हाडहून पुणं करीन," असं म्हणून ते त्या गाडीत कधी चढलेच नाहीत. ते बसनं जायचे. मग भाडी उतरवली, २०१५ ला तर जास्तीत जास्त साठ रुपयांवर आणली, आणि तेव्हापासून तिच्यात गरीब-श्रीमंत दोन्ही दिसायला लागले. अलीकडं पाच-एक रुपये वर गेले असतील. तेवढ्या पैशात टॅक्सीवाला डिकीसुद्धा उघडणार नाही. मला विचाराल तर हाच त्या गाडीचा खरा दुसरा जन्म. वेग हौसेचा, भाडं उतरलं म्हणून आमच्यासारखी माणसं आत आली.

आता खोट काय ती पण सांगते, नाहीतर कुणी म्हणेल बाई जाहिरात करतेय. ही गाडी तुम्हाला नव्या दिल्लीपर्यंतच आणून सोडते. उतरतो तो अजमेरी गेटच्या बाजूला. करोलबागेला जायचं तर तिथून पिवळ्या लाईनीवर एक स्टेशन, राजीव चौक, मग निळ्या लाईनीवर तीन. कागदावर सोपं. पायाला मात्र बरंच चालायला लागतं, आणि राजीव चौक संध्याकाळी सहाला म्हणजे आषाढीची वाळवंटातली गर्दी. मी दोन गोष्टी करते. एक, सरळ लिफ्ट शोधते, जिन्याच्या भानगडीत पडत नाही. दोन, फलाटाच्या पुढच्या टोकाला जाते, कारण गाडीचा पहिला डबा बायकांचा. त्या डब्यात माझ्या बॅगेला हात लावणाऱ्या अनोळखी पोरी मला दर वेळी भेटल्यात. "आंटी, छोड़ो, मैं पकड़ती हूँ" म्हणतात आणि बॅग उचलतात, आणि मग त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं, कारण ज्वारीचं पीठ वजनाला असतं.

करोलबागेला वर आले तर थोरला स्टेशनच्या पायऱ्यांवर उभा. भट्टी कारागिराला सोपवून आला होता. हाताला तेजाबाचा तोच वास, जो त्याच्या बापाच्या हाताला तीस वर्षं होता. "एकटी आलीस?" म्हणाला. मी म्हटलं, "नाही, चटणी होती."

रात्री मालकांचा विट्याहून फोन. पहिला प्रश्न, "किती घेतले?"

"कुणी?"

"टॅक्सीवाल्यानं."

"टॅक्सी नव्हती."

"मग कुलीनं?"

"कुलीही नव्हता."

पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "मग भांडलीस कुणाशी?" त्यांना खरंच चुकल्यासारखं झालं होतं. झेलम एक्स्प्रेसमधून ट्रंक घेऊन उतरणाऱ्या माणसाला दिल्ली म्हणजे स्टेशनबाहेरच्या पहिल्या भांडणानंच सुरू व्हायची.

परतीला या गाडीची आणखी एक सोय आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. नवी दिल्ली आणि शिवाजी स्टेडियम या दोन स्टेशनांवर काही विमान कंपन्यांचं सामान तिथंच घेतात. बोर्डिंग पास तिथं, बॅग तिथं, आणि ती बॅग थेट विमानात जाते. आपण मोकळ्या हातानं गाडीत बसायचं. सगळ्या कंपन्यांची सोय नाही आणि अगदी शेवटच्या घटकेला चालत नाही, म्हणून आधी विचारून घ्यायचं. मी सकाळी बॅग देऊन टाकली आणि सुनेला घेऊन पहाडगंजात गेले. मराठी माणसाला पहाडगंज परका नाही, नूतन मराठी शाळा तिथं, बृहन्महाराष्ट्र भवन तिथं. नणंदेसाठी दोन स्वेटर घेतले, छोले-भटुरे खाल्ले, आणि मग सावकाश गाडी धरली. विमानाच्या दिवशी असं हिंडायला मिळेल हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

मुंबईलाही आता भुयारी मेट्रो दोन्ही टर्मिनलांच्या खाली पोचली, कफ परेडपर्यंत जाते. पुण्याचं तेवढं राहिलंय. मेट्रोवाल्यांनी रामवाडीपर्यंत येऊन हात टेकले, आणि ते उरलेले चार-पाच किलोमीटरच आमच्यासारख्यांच्या जिवावर येतात. लोहगावात रात्री उतरून विट्याला निघणाऱ्या माणसाला विचारा. स्वारगेटपर्यंतची रिक्षा त्याला पुढच्या एसटीपेक्षा महाग पडते.

पुढच्या महिन्यात जाऊबाई निघाल्यात, धाकट्या भाऊजींकडं, तेही करोलबागेतच. त्यांचं विमान मात्र टर्मिनल एकला उतरणार. ही नारिंगी गाडी टर्मिनल एकला जात नाही, ती तीनची. दोनवरूनही चालत जाता येतं. तिकिटावर टर्मिनल बघितल्याशिवाय कुणी पाटीमागं चालू लागू नये. एकवाल्यांनी त्यांच्या दारातली किरमिजी लाईन धरायची, जनकपुरी वेस्टला उतरायचं आणि तिथून निळी लाईन थेट करोलबाग. वेळ जरा जास्त जाईल, पण राजीव चौकाची गर्दी वाचते. जनकपुरीला एक सरकता जिना आहे, देशातल्या सगळ्यात उंच जिन्यांपैकी. जाऊबाई कऱ्हाडच्या मॉलमधल्या जिन्याला बघून दोन पावलं मागं सरतात, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवलंय: तिथं लिफ्टसुद्धा आहे, आणि लिफ्टचे पैसे पडत नाहीत.