परशुराम घाटात सेफ्टी बूट

चिपळूणहून परशुराम घाटातून लोटे एमआयडीसीत मी सेफ्टी बूट घालूनच बाईकवर जातो. आयएस १५२९८ या भारतीय मानकाच्या सेफ्टी बुटाची पुढची टोपी २०० ज्यूलचा आघात झेलते. चपलेपेक्षा हजार पटींनी बरं! पण जाड नाक गिअर लिव्हरखाली शिरत नाही. बोल्ट सैल करून लिव्हर दातेरी शाफ्टवर एक दाता वर बसवा. टाचेनंही गिअर पडत असेल तर तेवढीही गरज नाही. नाडी मात्र आत खोचाच, लिव्हरमध्ये अडकते.

घोट्याचं काय? गाडी अंगावर आडवी झाली तर पाय पिळवटतो, तिथे ही टोपी उपयोगाची नाही. म्हणून आखूड बूट नकोतच, घोटा झाकणारेच घ्या. पावसाळ्यात जांभ्याची लाल माती तळव्यात भरते. ती काढल्याशिवाय ब्रेकवर पाय ठेवू नका.