फाटकावरची पाटी

गेल्या रविवारी मावशीला पक्षी दाखवण्यासाठी इंदूरजवळच्या एका राखीव जागी घेऊन गेलो, तेव्हा चौकीदाराने "आज बंद है" एवढेच सांगून आम्हाला परत पाठवले. कारण, मुदत किंवा आदेश देणाऱ्याचे पद यांपैकी काहीही लिहिलेली पाटी तेथे नव्हती. "कर भरतो आपण आणि फाटक बंद आपल्यालाच?" असे मावशी म्हणाली, तिचा राग मला पटला, परंतु युक्तिवाद पटला नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 याच्या कलम 27 नुसार अभयारण्यात प्रवेश नसणे हाच नियम आहे. कामावरील लोकसेवक, तेथे राहण्याची परवानगी असलेले किंवा स्थावर मालमत्तेवर हक्क असलेले लोक, त्यांचे आश्रित आणि सार्वजनिक महामार्गावरून जाणारे वगळता इतरांना परवाना लागतो. आणि तो अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन किंवा तेथील रहिवाशांशी असलेला कायदेशीर व्यवहार अशा हेतूंसाठी कलम 28 खाली मिळतो. खर्च सरकारी तिजोरीतून होतो म्हणून प्रवेशाचा हक्क आपोआप निर्माण होत नाही. आपल्या राळामंडळ अभयारण्याच्या टेकडीवर होळकरांचे शिकारगृह आहे. राजांच्या शिकारीसाठी राखलेले रान आता त्याच प्राण्यांसाठी राखले जाते, हा बदल मला मोठा वाटतो.

इंदूरचा सिरपूर तलाव आणि जवळचा यशवंत सागर जलाशय यांची गोष्ट वेगळी आहे. 2022 मध्ये दोन्ही रामसर स्थळे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, झाली, आणि अशा जागांना पाणथळ जागांविषयीचे 2017 चे केंद्रीय नियम लागू होतात. अतिक्रमण, घनकचरा टाकणे, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे, तसेच नियम लागू होण्यापूर्वीच्या दहा वर्षांतील सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत नौकाधक्क्यांखेरीज कायमस्वरूपी बांधकाम करणे यांवर त्यात बंदी आहे. मात्र काठावरून चालणाऱ्या माणसाचा त्या मनाई यादीत उल्लेख नाही. अशा ठिकाणी त्याने कोठे आणि कधी चालावे, हे जागा सांभाळणारे खाते ठरवते, आणि त्यामुळेच तेथे पाटीला महत्त्व येते.

जागा बंद ठेवण्यास माझा विरोध नाही. यशवंत सागरच्या परिसरात सारस आढळतात आणि ते प्रामुख्याने पावसाळ्यात उथळ पाण्यात घरटी करतात. त्या काळात घरट्यांकडचा काठ माणसांसाठी आणि विशेषतः मोकाट कुत्र्यांसाठी बंद असलाच पाहिजे. परंतु हिवाळ्यात, स्थलांतरित पक्षी आलेले असताना, दुसऱ्या काठावरची पायवाट ठरावीक वेळी उघडी ठेवता येते. वर्षभर कुलूप लावणे किंवा वर्षभर जत्रा भरू देणे, या दोन्ही गोष्टी सोप्या आहेत. ऋतू आणि काठ पाहून नियम आखण्यास मात्र निरीक्षण लागते, आणि पैसा खर्च व्हावा तो त्यावर.

माहितीचा अधिकार कायदा, 2005 याच्या कलम 4 प्रमाणे सार्वजनिक प्राधिकरणांनी आपले नियम स्वतःहून प्रसिद्ध करायचे असतात आणि प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना द्यायची असतात. म्हणून सोमवारी मी संबंधित कार्यालयाला अर्ज पाठवला आणि त्या दिवशीच्या बंदीचा आदेश, प्रवेशाचे नियम व वर्षभराच्या वेळा यांच्या प्रती मागितल्या. उत्तरासाठी त्यांच्याकडे 30 दिवस आहेत. तोवर मावशीला दुर्बीण देऊन यशवंत सागरच्या बाजूला, रस्त्यावरूनच, सारस दिसतो का ते पाहायला नेणार आहे.