राजम्याचा बर्गर, ओव्हनमधले चणे आणि पाण्याचा बंदोबस्त

इकडे अमेरिकेत उन्हाळा लागला की अंगणाअंगणात ग्रिल पेटतात, आणि शाकाहारी पाहुण्यांसाठी ब्लॅक बीन्सचा बर्गर ठरलेला. नागपुरात तो राजम्याचा करा, बरबटीचाही (म्हणजे चवळीचाही) छान होतो. बिघडतो तो बहुधा एकाच कारणाने: शिजलेल्या दाण्यांत पाणी राहतं. पॅटी तव्यावर पसरते, मग ब्रेडचा चुरा वाढवावा लागतो आणि खाताना नुसतं पीठ लागतं.

200 ग्रॅम राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात कुकरला लावा. दाणा बोटांत दबला पाहिजे, पण लगदा नको. इकडच्या स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात) मात्र राजमा थेट कधीच शिजवू नये. राजम्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन खळखळ उकळल्याशिवाय जात नाही आणि उलट्या होतात.

आता खरी युक्ती. निथळलेला राजमा ट्रेवर पसरून 160 अंश सेल्सिअसवर 15 मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. सालं तडकून वरून कोरडी दिसली की काढा. दोन भाग कुस्करा, एक भाग अख्खा राहू द्या, नाहीतर चावायला काही उरत नाही. एक मोठा कांदा पाणी आटेपर्यंत परतून घाला. सोबत अर्धी वाटी ब्रेडचा चुरा, दोन मोठे चमचे भाजलेलं बेसन, मूठभर सांबार (म्हणजे कोथिंबीर), मीठ, चमचाभर सावजी मसाला. मटणाची पॅटी आकसते म्हणून बनपेक्षा मोठी थापतात. ही आकसत नाही. बनएवढीच, बोटभर जाड थापा. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी 4-5 मिनिटं भाजा. एकदाच उलटा.

सोबतीला चणे. आपले फुटाणे गरम वाळूत क्षणात फुटतात. इकडे शिजवलेले काबुली चणे ओव्हनमध्ये सावकाश सुकवतात. कापडावर अर्धा तास पसरून पुसून घ्या, दोन वाट्यांना एक मोठा चमचा तेल आणि मीठ चोळा, 200 अंशांवर 35-40 मिनिटं, अधूनमधून ट्रे हलवत. भिवापुरी तिखट बाहेर काढल्यावरच लावा; आधी लावलं की जळून कडू होतं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आतल्या वाफेने मऊ पडतात. पावसाळ्यात त्याच दिवशी संपवलेले बरे. मऊ पडलेच तर 5-7 मिनिटं परत ओव्हनमध्ये.