प्रेरणेचा परतावा रकमेत लिहा : डिझाइन महोत्सवाला चमू नेण्याचा माझा अनुभव

आपल्या क्षेत्रातल्या मोठ्या महोत्सवाला अख्खा डिझाइन चमू न्यायचा असेल, तर सर्वांत बिकट टप्पा आपल्याच कार्यालयातल्या मंजुरीच्या अर्जाचा असतो, असे माझे आता ठाम मत झाले आहे. प्रवास, निवास आणि प्रवेशद्वारावरची नोंदणी हे सगळे सुरळीत पार पडले आणि त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. त्या अर्जाविषयी मात्र मला अजूनही शांतपणे बोलता येत नाही.

अर्जात तीन रकाने होते : कोणत्या सत्रांना उपस्थित राहणार, प्रत्येक सत्राचा कोणत्या प्रकल्पाला उपयोग होणार, आणि अपेक्षित परतावा किती, तोही रकमेत. महोत्सवांचे तपशीलवार वेळापत्रक बहुधा शेवटच्या काही आठवड्यांतच जाहीर होते, तर सवलतीच्या दरातल्या पासची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते. सत्रांची नावे नसल्यामुळे अर्ज लेखा विभागातून परत आला. मंजुरी नाही म्हणून सवलतीचा पास काढता येईना, आणि सवलत हुकली असती तर रक्कम बदलल्यामुळे अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागला असता. जाहीर झालेल्या वक्त्यांची यादी जोडली, तेव्हा ‘तपशील अपूर्ण’ असा शेरा मिळाला. आदल्या वर्षीचे वेळापत्रक नमुन्यादाखल जोडले, तर मागील वर्षाचे कागद ग्राह्य नाहीत असे कळवण्यात आले. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि सवलतीची तारीख जवळ येत राहिली.

एवढ्यात नवी शंका निघाली : हा तर जाहिरातवाल्यांचा महोत्सव दिसतो, तिथे डिझाइनरांचे काय काम? यावर मी एक सविस्तर टिपण लिहिले. फ्रान्समधल्या कान शहरात भरणारा कान लायन्स हा जाहिरात महोत्सव 1954 मध्ये चित्रपटगृहांत दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींसाठी सुरू झाला हे खरे, पण 2008 पासून तिथे डिझाइनचा स्वतंत्र विभाग आहे. डिझाइन आणि जाहिरातींतल्या उत्तम कामांना पारितोषिके देणारी लंडनची डी अँड एडी ही संस्था तर 1962 मध्ये डिझाइनर आणि कलादिग्दर्शक यांनी मिळूनच स्थापन केली. त्यामुळे या दोन व्यवसायांची सरमिसळ मुळीच नवी नाही, असे मी त्यात दाखवून दिले. टिपण फार चांगले उतरले होते. ते कोणी वाचले असेल असे मला वाटत नाही, परंतु फायलीत काही पाने वाढली आणि शंका मागे पडली.

उरला परताव्याचा रकाना. प्रेरणा रकमेत कशी मांडायची, या प्रश्नाशी बराच वेळ झटापट केल्यावर मी सत्रांचा नाद सोडला आणि त्यांच्या जागी आमच्या हातातल्या कामांतले अडलेले प्रश्न लिहिले. औषधाच्या खोक्यावर नियमानुसार छापावा लागणारा एवढा मजकूर असताना वयस्कर माणसाला मात्रा चटकन कशी सापडेल? पडद्यावर हलणारे बोधचिन्ह कागदावर छापले की निर्जीव का वाटते? मग प्रत्येक प्रश्नापुढे त्या कामाचे आराखडे पुन्हापुन्हा करण्यात गेलेल्या तासांची रक्कम मांडली. हे तास कार्यालयाच्या वेळनोंदीत आधीपासूनच होते. त्याच दिवशी मंजुरी आली. लेखा विभागाला पटवायचे असेल, तर जो आकडा त्यांच्याच नोंदवहीत आहे तोच त्यांना दाखवावा. बाहेरून आणलेल्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

चिडून भरलेली हीच प्रश्नांची यादी महोत्सवात आमच्या फार उपयोगी पडली, हे मला थोडे नाइलाजानेच मान्य करावे लागते. ‘प्रेरणा घेऊन या’ असे सांगून पाठवलेला माणूस टाळ्या पडतील त्या सभागृहात जाऊन बसतो. विशिष्ट प्रश्न घेऊन गेलेला माणूस ओस पडलेल्या सत्रातही काहीतरी शोधतो. औषधाच्या खोक्याचे उत्तर आम्हाला वेष्टनांवरच्या चर्चेत मिळाले नाही, ते दिशादर्शक फलकांवरच्या सत्रात मिळाले. आम्स्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळासाठी डच डिझाइनर बेनो विसिंग यांनी 1967 मध्ये केलेल्या फलकरचनेत विमानापर्यंत नेणारी माहिती पिवळ्या फलकांवर आणि सोयीसुविधांची माहिती हिरव्या फलकांवर होती, म्हणजे घाईत असलेल्या प्रवाशाला निम्मे फलक न वाचताच ओलांडता येत. आमच्या खोक्यावर मात्र सगळा मजकूर एकाच आवाजात ओरडत होता. मात्रा आणि वेळ यांना वेगळा रंग, आणि उरलेला मजकूर दुसऱ्या बाजूला, ही मांडणी तिथेच वहीत उतरली.

त्यासाठी चमूने विखुरणे आवश्यक आहे. एका सत्राला दोघांनी जायचे नाही, असा नियम आम्ही केला आणि तो कटाक्षाने पाळला. संध्याकाळी एकत्र बसून प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, आणि ती कोणत्या प्रश्नाला लागू पडते हे इतरांनी ठरवायचे. विजेत्या कामांच्या दोन मिनिटांच्या चित्रफिती मला फारशा मानवत नाहीत. त्यांत सगळे इतके सहज घडलेले दिसते की शिकायला काही उरत नाही. त्यापेक्षा अंतिम यादीत येऊनही पारितोषिक न मिळालेली कामे प्रदर्शनात जवळून पाहावीत, कागदाची जाडी, घडी आणि अक्षराचा आकार तपासावा, आणि कर्ते तिथे असतील तर काय काय टाकून दिले हे त्यांना विचारावे. भ्रमणध्वनीवर काढलेली छायाचित्रे नंतर कोणी उघडत नाही. ओबडधोबड का होईना, रेखाटन करावे.

सर्वांना पूर्ण पास लागतोच असे नाही, हे आधी सांगायला हवे होते. 1961 पासून भरणाऱ्या मिलानच्या फर्निचर मेळ्याच्या काळात शहरभर जी फुओरीसालोने नावाची प्रदर्शने लागतात, त्यांतल्या बहुतेकांना तिकीट नसते. आपण जात असलेल्या महोत्सवाच्या आसपास असे काही आहे का, ते पाहून एक-दोन पास वाचवता येतात. शिवाय पासवरचे नाव बदलण्याची मुदत अर्ज करतानाच टिपून ठेवावी, कारण ऐन वेळी चमूतला कोणीतरी ग्राहकाच्या तातडीच्या कामात अडकतो, आणि नाव बदलण्यासाठीही आमच्या कार्यालयात वेगळा अर्ज आहे.