अंजदीवचे सात

१८ डिसेंबर, काणकोण

उद्या मुक्तिदिन. भाषणं होतील आणि बहुतेकांत ‘छत्तीस तासांत गोवा मुक्त झाला’ हे वाक्य असेल. खरंच आहे ते. पण १९६१ साली आजच्याच तारखेला अंजदीव बेटावर नौदलाचे सात जण मारले गेले, ते काही त्या वाक्यात मावत नाहीत.

बेट कारवारसमोर, पण मोडतं आमच्या काणकोण तालुक्यात. वास्को द गामा १४९८ मध्ये इथं थांबून गेलेला. १९६१ च्या नोव्हेंबरात बेटावरून पोर्तुगीजांनी ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळ्या झाडल्या, पुढे आठवड्याभरात कारवारकडचा एक मच्छीमार मारला गेला. मग बेट घ्यायचं काम ‘म्हैसूर’ आणि ‘त्रिशूल’ या युद्धनौकांवर आलं. सोबत पायदळ नव्हतं. नौदलाच्याच पोरांनी रायफली घेऊन होड्यांतून किनाऱ्यावर उतरायचं. पहिली तुकडी उतरली. पांढरं निशाण दिसलं, असं नौदलाकडून सांगतात. दुसरी तुकडी किनाऱ्याशी येते तोच गोळीबार सुरू झाला. दुपारी बेट हाती आलं. सात मेले, एकोणीस जखमी.

मला राहून राहून त्या दुसऱ्या तुकडीचंच वाटतं. खलाशाच्या आईनं धास्ती घ्यायची ती वादळाची, बुडण्याची. आणि पोरगा गेला तो जमीन हाताशी आली असताना.

त्याच दुपारी मुरगाव बंदरात ‘अफोंसो द आल्बुकर्क’ या युद्धनौकेवरचा पोर्तुगीज रेडिओ ऑपरेटरही मेला. त्याच्याही घरी तार गेली असेल.

पुतण्या सध्या ओडिशाला, आयएनएस चिल्का या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकतोय. वहिनीचं रोज एकच: “भावजी, आमच्या तळ्यात पोहलेला तो, दर्यात कसा निभावणार?” मी म्हणतो, शिकवतात तिथं सगळं. अंजदीवचं तिला बोललेलो नाही. कशाला आणखी एक घोर?

पूर्वी ब्रोतास सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला लोक होड्या करून बेटावर जात. आता तिथं नौदल आहे, आपल्याला जाता येत नाही. पोराची नेमणूक कारवारला झाली तर आमच्या घरातला तोच तिथं पोचायचा. तोवर सुट्टीवर आला की आम्हाला वास्कोला घेऊन चल म्हणणार आहे, आयएनएस गोमंतक या नौदलाच्या तळावर त्या सातांचं स्मारक आहे तिथं. वहिनीलाही नेऊ. ती खोदून खोदून विचारणार, आणि तेव्हा तिला उत्तरं द्यायला तोच बरा.